आतून काहीतरी घाला, मावशी

हे एवढंसं वाक्य सांगायला मृणालने गोदूला विहिरीजवळच्या दगडी दोणीपाशी नेलं. नेल्यावरही आधी ती पाण्याच्या पंपाबद्दल बोलली, मग नारळ पाडायला येतो म्हणून न आलेल्या माणसाबद्दल बोलली. गोदूचे हात पिठाने भरलेले होते. केळीच्या पानावर पानग्या थापायच्या राहिल्या होत्या आणि ओटीवर पाहुणे नाश्त्याला बसले होते.

"वयनी, काय असंल ते सांगा. तवा तापलाय."

"अहो, म्हणजे... तुम्ही वाढायला बाहेर येता ना मावशी. तेव्हा आतून काहीतरी घालत जा."

गोदूला आधी अर्थच लागला नाही. मार्च महिना, सकाळीच घामाच्या धारा, आतून काय घालायचं? मग मृणालची नजर तिच्या पदरावर आली आणि चटका बसल्यासारखी रहाटाकडे वळली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. बावन्न वर्षांची बाई ती, लेक लग्नाला आलेली. तिचे कान तापले.

मृणालने मोबाइल पुढे केला. राहून गेलेल्या कोणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, ते तिने मराठीत सांगितलं. जागा स्वच्छ, जेवण उत्तम, मोदक तर अप्रतिम. पण वाढणाऱ्या बाईंचे कपडे नीट नव्हते, मुलं सोबत असताना अवघडल्यासारखं झालं.

"मला पटलंय असं नाही," मृणाल म्हणाली. "पण लोक हे वाचूनच येतात ना."

कोण ते गोदूला बरोबर आठवलं. दोन मुलगे घेऊन आलेलं जोडपं. नवरा पुन्हा पुन्हा तूप मागत होता आणि ती वाकून वाकून वाढत होती. निघताना त्या बाईने गोदूचे दोन्ही हात धरून 'तुमच्या हाताला चव आहे हो' असं म्हटलं होतं. तिनेच मग गाडीत बसून हे लिहिलं असणार.

गोदूने हात धुतले, पुन्हा पिठात घातले आणि पानग्या थापल्या. त्या दिवशी वाढताना तिने पदर असा आवळून घेतला की डाव्या हाताने रिकामं ताटसुद्धा उचलता येईना.

गोदूचं गाव म्हसळ्याकडून दिवेआगरला जाताना डोंगराच्या पोटात आहे. चार वाफे भाताचे, उतारावर नाचणी, आणि बाकीचं घर नवऱ्याच्या पगारावर. तिचा नवरा हिरामण नवी मुंबईत एका सोसायटीत वॉचमन. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, चार दिवस झोपायचा आणि जायचा. चक्रीवादळ झालं त्या वर्षी त्याची नोकरी बंद होती आणि घरात दाणा नव्हता. दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्यात, पोफळी तोडायला आणि ओढायला माणसं पाहिजेत असं कळलं, तशी गोदू बायकांच्या टोळीबरोबर गेली. मृणाल आणि तिचा नवरा हर्षद आपल्या वाडीत मयताला उभं राहावं तसे उभे होते. गोदूने तीन दगड मांडून टोळीसाठी कुळथाचं पिठलं केलं आणि न विचारता त्या दोघांच्या हातातही ताटल्या दिल्या. पुढे पोफळी गेल्या त्या जागी खोल्या उभ्या राहिल्या, पाहुणे येऊ लागले, तेव्हा मृणालला त्या पिठल्याची आठवण झाली. तिने माणूस पाठवून गोदूला बोलावून घेतलं.

तर मृणाल वाईट बाई नव्हती. हे गोदूही म्हणायची, आणि आम्हालाही म्हणायला हवं.

पण हे आतल्या कपड्याचं प्रकरण गोदूच्या आयुष्यात पहिल्यांदा आलेलं नव्हतं. ती अंगाने थोराड, छातीने भरलेली. लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या मावशीने माणगावच्या बाजारातून दोन बॉड्या घेऊन दिल्या होत्या. पांढऱ्या, सुती, गोल गोल शिवणीच्या. गोदूला त्यांचं कौतुक वाटायचं. बॉडी घातली की चालताना आधार वाटे, ओझं उचललं की पाठीत कळ येत नसे. सासरी तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने त्यातली एक धुऊन दोरीवर टाकली. सासू नीराबाई दोरीखाली येऊन थांबली.

"ह्ये कुनाचं?"

"माजं."

"भात लावायला ह्ये घालून जानार? बांधावर कोन बसलाय तुला बघायला?"

आमच्या घरात असले चाळे चालत न्हाईत, नीराबाई म्हणाली. हिरामण तिथेच दात घासत होता, तो परड्यात निघून गेला. नीराबाईने दोन्ही बॉड्या उसवल्या आणि त्यांच्या चिंध्या कंदिलाची काच पुसायला ठेवल्या. कापड चांगलं होतं, चिंध्या पुष्कळ वर्षं टिकल्या. गोदूच रोज संध्याकाळी त्यांनी काच पुसायची.

भाताच्या पहिल्या आवणीला वाकून वाकून तिची छाती आणि पाठ अशी भरून आली की रात्री उताणं निजवेना. सांगणार कोणाला? पुढे सवय झाली. लेकीला पाजलं, भारे वाहिले, चिखल तुडवला, आणि शरीर त्या सगळ्याच्या कलाने खाली आलं. नीराबाई मेली तेव्हा गोदू चाळिशीपुढे गेलेली होती. आता कोणी अडवणारं नव्हतं, पण आता तिला नकोच होती. मोकळं अंग हेच तिचं अंग झालं होतं. जे विसाव्या वर्षी हवं असूनही मिळालं नाही, ते बावन्नाव्या वर्षी हुकूम म्हणून समोर आलं.

मृणालने श्रीवर्धनहून दोन बॉड्या आणल्या. माप विचारायचं दोघींनाही जड गेलं, म्हणून तिने अंदाजाने आणल्या होत्या. खोल्या झाडणारी रतन, गोदूच्या लेकीच्या वयाची, तिने गोदूला मागच्या खोलीत नेऊन घालायला शिकवलं.

"आदी हूक म्होरं लावायचं, काकी. मग फिरवून मागं न्यायचं, मग हात घालायचं."

"श्वास न्हाय येत गं."

"येईल. मला पन पयल्यांदा असंच झालेलं."

नाही आला. स्वयंपाकघर म्हणजे मागे काढलेली पत्र्याची पडवी. दोन शेगड्या, एक चूल, आणि एप्रिल. मोदकांची उकड काढताना वाफ तोंडावर यायची आणि घाम गळ्यावरून उतरून त्या जाड कापडात साचायचा. दुपारी बॉडी पिळली असती तर पाणी निघालं असतं. घरी नेऊन धुवायची तर वाळत कुठे घालायची? अंगण सामायिक होतं, पलीकडे दीर रामचंद्र राहायचा. गोदूने एकदा दोरीवर टाकली तर त्याची बायको हसून म्हणाली, "जाऊबाय, ह्या वयात? हिरामणदादा येनार हायत व्हय?" त्या दिवसापासून गोदू ती न्हाणीत दाराआड, टॉवेलखाली टाकू लागली. समुद्राकडच्या हवेत उन्हातलं कापड वाळायला वेळ घेतं, न्हाणीतलं कुठून वाळणार? सकाळी ती तशीच ओलसर बॉडी चढवून मिनीडोरमध्ये बसायची. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची मोठी रिक्षा, सहा माणसांची, बसतात दहा.

छातीखालची कातडी आधी लाल झाली. मग खाजू लागली. मग सोलवटून तिला पाणी सुटलं. गोदूने खोबरेल लावलं, हळद लावली, शेवटी सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने तिच्याकडे न बघता चिठ्ठी लिहिली.

"मलम लावा आणि तिथे हवा लागू द्या," तो म्हणाला.

तिने हे मृणालला सांगितलं. मृणालला खरोखर वाईट वाटलं. तिने स्वतःच्या कपाटातून पावडरचा डबा आणून दिला.

"एवढा सीझन काढा, मावशी. पावसात कोणी येत नाही, मग घालू नका."

पाऊस यायला अजून दीड महिना होता.

मे महिन्यात पुण्याहून तीन मुली आल्या. चांगल्या होत्या, हसऱ्या. सकाळी किनाऱ्यावर जायच्या, आल्यावर हापूस कापून खायच्या, झोपाळ्यावर लोळायच्या. अंगात पातळ बनियनसारखे शर्ट आणि आत काही नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांच्या बॉड्या होत्या, पण त्या पुढच्या अंगणात दोन पोफळींना बांधलेल्या दोरीवर वाळत होत्या. निळी, काळी, एक फुलांची. हर्षद शहाळी घेऊन त्या दोरीखालून जाताना मान खाली घालायचा. एका कुटुंबातले आजोबा तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचायचे. कोणाला अवघडल्यासारखं झालं नाही, निदान कोणी लिहिलं तरी नाही.

गोदू भांडी विसळत होती आणि मृणाल शेजारी आंबे पुसत होती. गोदूने विचारलं, "त्यांना न्हाय सांगत तुमी काय?"

मृणालने दोरीकडे पाहिलं. "त्यांना कसं सांगणार? पैसे मोजून आल्यात त्या."

"म्हंजे पैसं मोजलं की चालतं."

मृणाल हसली. तिला वाटलं, मावशी गंमत करतात.

त्या तिघींतली एक चष्मेवाली होती. तिला सकाळी उठल्याबरोबर कोरा चहा लागायचा आणि तो घ्यायला ती स्वतः पडवीत यायची. एके दिवशी ती आली तेव्हा गोदू पाठमोरी बसून, पोलकं सैल करून मलम लावत होती. मुलगी सॉरी म्हणून मागे सरली, पण गेली नाही. कातडी तिला दिसली होती.

"मावशी, हे काय झालंय?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मृणालला गोदूने आपण होऊन सांगितलं होतं, डॉक्टरलाही. विचारलं असं या परक्या मुलीनेच. गोदूने चहा गाळता गाळता सगळं सांगून टाकलं. दोणीपाशी काय झालं, मोबाइलवर काय लिहिलं होतं, न्हाणीत कापड कसं वाळत नाही. सांगताना तिला बरं वाटलं. पुढे ते बरं वाटणंच तिला महागात पडलं.

मुलीचा चेहरा लाल झाला. "मी तर ब्रा सहसा घालतच नाही. ज्याचं त्याचं शरीर आहे मावशी. कोणी जबरदस्ती करू शकत नाही तुमच्यावर."

"तुमाला कोन काय बोलत न्हाय?"

"बोलतात की. मी लक्ष देत नाही."

त्या दिवशी नारळ खवताना गोदू यावर बराच विचार करत होती. लक्ष न देणं ही काय गोष्ट असते? तिला आजवर जे कोणी बोललं होतं, त्यातल्या कोणाच्या तरी हातात तिची भाकरी होती. सासूच्या होती, आता मृणालच्या होती. त्यांच्याकडे लक्ष न देऊन रात्री जेवायचं कुठे, हे त्या मुलीला विचारायला हवं होतं. पण मुलगी मनाने चांगली होती, म्हणून गोदूने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या. बॅगा गाडीत गेल्या आणि चष्मेवाली ओटीवर मृणालपुढे उभी राहिली. बाकीचे पाहुणे नाश्ता करत होते. गोदूला पडवीतून सगळं ऐकू आलं.

"त्या मावशींना जखमा झाल्यात. तुम्ही त्यांना ब्रा घालायची सक्ती करता, हे मला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही स्वतः बाई आहात ना?"

ओटीवर वाट्या-चमच्यांचे आवाज थांबले.

"काहीतरी गैरसमज झालाय तुमचा," मृणाल शांतपणे म्हणाली.

मुलगी पडवीत आली, तिने गोदूला मिठी मारली. दुखऱ्या जागेवर दाब पडला तेव्हा गोदूने दात आवळले. "घाबरू नका मावशी, मी बोललेय," ती म्हणाली आणि गाडी निघून गेली. संध्याकाळपर्यंत तिने तेही मोबाइलवर लिहिलं होतं, फोटोसकट. फोटो मोदकाचा होता.

मृणालने रात्रीची जेवणं उरकू दिली. मग पडवीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"मी तुम्हाला घरचं समजत होते, मावशी."

"मी काय खोटं बोलले काय?"

"खोट्या-खऱ्याचा प्रश्न नाही. घरातलं पाहुण्यांना सांगायचं असतं का?"

"माज्या छातीवरचं घाव तुमच्या घरातलं कसं काय, वयनी?"

गोदू हे हळूच बोलली होती. मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. अपमानाचं की कशाचं ते कळलं नाही. ती आत गेली. सकाळी हर्षदने येऊन निरोप दिला, तोही भिंतीकडे बघत. यापुढे गोदूने पडवीतच राहायचं. वाढायला रतन जाईल. आणि पुढे यायचंच नाही, त्यामुळे आता काही घालण्याचीही गरज नाही.

म्हणजे तिला हवं होतं ते मिळालं. पडवी आणि अंगण यांच्यामध्ये हर्षदने रोपांवर घालतात ती हिरवी जाळी ताणून बांधली. जाळीआड गोदू मोकळ्या अंगाने रांधू लागली. पाऊस सुरू होण्याआधीच जखमा सुकल्या, कातडी काळपट झाली पण शिवली गेली.

तिचं काय गेलं हे मात्र तिला हळूहळू कळत गेलं. पहिला घास घेतल्यावर माणसाची मान जराशी हलते, ते बघायला ती वाढायला जायची. लहान पोर 'अजून' म्हणतं, तेव्हा आईच्या आधी गोदूच खूश व्हायची. ते बंद झालं. रतन रिकामी पातेली घेऊन यायची, तेवढ्यावर ओळखायचं.

"इचारतात काय कोन, कुनी केलंय म्हनून?" तिने एकदा विचारलं.

"इचारतात की. वयनी सांगतात, आमी सगळी मिळून करतो."

एका रविवारी तिने हे सगळं लेकीला फोनवर सांगितलं. रुचिका पनवेलला कपड्यांच्या दुकानात कामाला होती, तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची.

"अगं आई, साइजच चुकीची असणार. इकडे माप घेऊन देतात. आणि नसेल घालायची तर नको घालूस ना, काय टेन्शन घेते? मी रूमवर आले की पहिली ती काढून फेकते."

"आनि गावाला आलीस की?"

"गावाला काका असतो," रुचिका म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "तूच तर शिकवलंस. सहावीत असताना शाळेला निघाले होते, घातली नव्हती म्हणून तू रस्त्यात पाठीत धपाटा घातला होतास. तुकारामच्या मिनीडोरमधले सगळे बघत होते."

गोदूला ते आठवत होतं. तेव्हा तिला पोरीला लोकांच्या नजरेपासून वाचवायचं होतं, आणि वाचवायला तिला धपाटाच सुचला होता. "जेवलीस काय?" तिने विचारलं. रुचिका म्हणाली, जेवले.

गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरल्या. मृणालने इंटरनेटवर जागेचं नवं पान केलं होतं आणि त्यावर टाकायला फोटो हवे होते. चष्मेवालीच्या त्या लिहिण्याचा उलटाच परिणाम झाला होता. लोक फोन करून विचारत होते, त्या मोदकवाल्या मावशी अजून आहेत ना?

मृणाल जाळी बाजूला करून आत आली. कितीतरी महिन्यांनी ती हसून बोलत होती.

"मावशी, आज जरा पुढे यायचं हं. मोदकांचं ताट हातात घेऊन एक फोटो काढू. पाहुण्यांनाही भेटा. मी तुमच्यासाठी साडी काढून ठेवलीय, आणि..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. तिच्या हातात कागदी पिशवी होती. ती तिने ओट्यावर ठेवली आणि वर पालथा हात ठेवला, जणू आतलं उघडं पडलं असतं. "ही चांगली आहे. मऊ आहे एकदम. फोटोपुरती."

गोदूने पिशवीत डोकावून पाहिलं. कातडीच्या रंगाची होती, खरंच मऊ. एवढ्या फोटोपुरती घातली असती तर काही बिघडलं नसतं. रतन पुढे तेच म्हणाली, सगळ्या तेच म्हणाल्या. पण गोदूला त्या वेळी काय झालं ते तिलाही नीट सांगता आलं नाही कधी. तिने पिशवी उचलून मृणालच्या हातात परत दिली.

"मोदक उतरवते," ती म्हणाली.

तिने मोदकपात्र उतरवलं. मोदक एकेक करून पानावर काढले, वर ओलं फडकं झाकलं, शेगडी बंद केली. मग खुंटीवरची आपली पिशवी घेतली आणि मागचं बेड्याचं फाटक उघडून बाहेर पडली. मृणालने हाक मारली, एकदाच.

आता गोदू म्हसळ्याला सत्यवतीच्या मसाला कांडपावर असते. तिथे सगळ्या बायकाच. मिरच्यांची देठं काढायची, धणे-खसखस भाजायची, डंकावर कुटायला लावायचं, चाळायचं. मोदकाशी संबंध नाही. खोकला जडलाय. तिथे कोणी काय घातलंय याच्याशी कोणाला घेणं नाही, सत्यवती स्वतः गाऊनवर असते. पण म्हसळ्याला यायचं तर मिनीडोर, आणि मिनीडोरमध्ये दहा माणसं. वळणावर शेजारच्याचं कोपर येतं. काहींचं वळण नसतानाही येतं. मध्ये बॉडी असली तर कोपराला निदान कापड लागतं. तेव्हा गोदू घरून घालून निघते, कांडपावर पोचली की मागच्या खोलीत काढून पिशवीत गुंडाळते, आणि सुटायच्या वेळी पुन्हा घालते. बसायला पुढची जागा मिळणार असेल, किंवा दोघी-तिघी बायका सोबत असतील, त्या दिवशी घालत नाही. हे रोज सकाळी ठरवायचं असतं. कोणी सांगत नाही आता, तिचं तीच ठरवते.

परवा मृणाल आली होती मेतकूट न्यायला. वाळली होती जराशी. रतनला मोदकाच्या कळ्या जमत नाहीत, पाहुणे नावं ठेवतात, असं म्हणाली.

"या ना परत, मावशी. तुम्हाला हवं तसं राहा. मी काही म्हणणार नाही."

"आनि पाहुनं म्हनलं तर?"

मृणालने बरणीकडे पाहिलं. यात हिंग किती घालता, असं तिने सत्यवतीला विचारलं. गोदूने मेतकुटाची पुडी बांधून तिच्या हातात दिली. मृणाल थोडी रेंगाळली, मग गेली.

त्या दिवशी सुटायला उशीर झाला आणि बाहेर मिनीडोरवाला हॉर्न वाजवत होता. गोदूने घाईघाईने पिशवीतून बॉडी काढून चढवली. पिशवीत कधीतरी मिरचीची पूड सांडली होती, ती कापडाला लागलेली होती. फाट्यावर उतरेपर्यंत छातीखाली आग होत राहिली, आणि शेजारचा माणूस तिच्या अंगावर रेलून मोबाइल बघत राहिला.